मांजर, उंदीर आणि हास्याची दिशा
(प्राण्यांच्या कार्टूनपटांचा एक अभ्यास)

शाळेच्या स्मरणिकेत कार्टूनवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. धम्मविषयक चिंतन, संस्थेची वाटचाल आणि गुणवंतांचे कौतुक यांच्या पंक्तीला मांजर-उंदराच्या पळापळीने बसावे काय? आमचे उत्तर असे की, अवश्य बसावे. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत काढली गेलेली ही सात-सात मिनिटांची चित्रे आजही आपल्या घराघरांतून पाहिली जातात. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली, तेव्हा जे शाळकरी वयात होते ते आज पालक आहेत. त्यांची मुले तीच चित्रे मोबाइलच्या पडद्यावर पाहतात आणि त्याच जागी हसतात. ज्या गोष्टीने बालमनावर इतका दीर्घकाळ पकड ठेवली, तिच्याकडे शिक्षणाचे काम करणाऱ्यांनी दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

आम्हांला हा विषय महत्त्वाचा वाटतो त्याचे आणखी एक कारण आहे. आपली मुले सकाळच्या वंदनेत पंचशील ग्रहण करतात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील हे त्यांतील पहिले. तीच मुले सायंकाळी इस्त्रीखाली चपट्या झालेल्या मांजराला पाहून खदखदून हसतात. हा विरोधाभास आहे काय? मुलांना त्या हास्यापासून दूर ठेवावे, की त्या हास्याचा अर्थ त्यांना समजावून द्यावा? या लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. ही चित्रे अजून का हसवतात, हा पहिला. आणि ते हसू आपल्याला कोणत्या दिशेला नेते, हा दुसरा.

१. काठीचा आवाज मोठा, मार हलका

आदळआपटीच्या विनोदाला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हा शब्द मुळात एका वस्तूचे नाव आहे. इटलीतील जुन्या लोकनाट्यात विदूषकाच्या हाती लाकडाच्या दोन पट्ट्या एकत्र बांधलेली काठी असे. ती कोणाच्या पाठीवर मारली की पट्ट्या एकमेकींवर आपटून फाडकन मोठा आवाज होई. मार खाणाऱ्याला मात्र फारसे लागत नसे. आवाज मोठा आणि इजा लहान, हे या विनोदाचे मूळ सूत्र होय. इजा खरी वाटू लागताच प्रेक्षकाचे हसू मावळते, हे त्या नटांना पक्के ठाऊक होते.

हीच परंपरा मूकपटांत आली. चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांनी पडणे, घसरणे, धडकणे यांना कलेचा दर्जा मिळवून दिला. पण माणसाच्या शरीराला मर्यादा असते. कीटन कितीही कुशल असला तरी त्याची हाडे खरी होती. चित्रातल्या शरीराला ती मर्यादा नव्हती. विन्सर मॅके यांची ‘गर्टी’ ही डायनासोर १९१४ साली, ‘फेलिक्स’ हे काळे मांजर १९१९ साली पडद्यावर अवतरले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये ‘स्टीमबोट विली’ या पटातून मिकी माऊस आवाजासह लोकांसमोर आला. चित्र आणि ध्वनी यांचा मेळ बसताच त्या जुन्या काठीला जणू नवा हात मिळाला.

२. टॉम आणि जेरी यांचा जन्म

१० फेब्रुवारी १९४० रोजी एमजीएम या चित्रसंस्थेने ‘पुस गेट्स द बूट’ नावाचा एक लघुपट प्रदर्शित केला. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे त्याचे कर्ते. त्यात मांजराचे नाव जॅस्पर होते. टॉम आणि जेरी ही नावे नंतर, संस्थेतील कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवून ठरवण्यात आली. कथा साधी आहे. आणखी एक जरी वस्तू फुटली तरी तुला घराबाहेर काढीन, अशी तंबी मांजराला मिळते. उंदराच्या हे ध्यानात येते. तो काचेचा पेला उचलून टेबलाच्या कडेला उभा राहतो आणि पेला सोडून देण्याची नुसती धमकी देतो. तेवढ्याने आकाराने कितीतरी पट मोठे असलेले मांजर गयावया करू लागते. बळ बलवानाकडेच असते, पण परिस्थितीचा नियम ओळखणारा दुर्बळ त्या बळाला निष्प्रभ करू शकतो. ही या जोडीची पहिली गोष्ट, आणि पुढच्या बहुतेक गोष्टींचा पायाही तोच.

१९४० ते १९५८ या काळात हॅना आणि बार्बेरा यांनी या जोडीचे ११४ लघुपट केले. त्यांतील सात पटांना ऑस्कर मिळाले. पुतळे स्वीकारण्यास मंचावर जात ते निर्माते फ्रेड क्विम्बी. चित्रे काढणारे हात पडद्यामागेच राहत. १९५७ साली एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. जुनेच पट पुन्हा प्रदर्शित केले तरी जवळपास तेवढेच उत्पन्न मिळते, मग नव्यांवर खर्च कशाला, असा तो हिशेब होता. या पटांची टिकाऊ लोकप्रियता त्यांच्याच कर्त्यांच्या नोकरीवर उठली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर ही जोडी प्रागमध्ये जीन डाइच यांच्या हाती, आणि पुढे चक जोन्स यांच्या हाती गेली. परंतु रसिक ज्या पटांकडे पुन्हा पुन्हा वळतात ते प्रामुख्याने पहिल्या ११४ पैकीच असतात.

३. हसण्यामागचे कष्ट

ही चित्रे सहज घडल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे अफाट मेहनत आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून जातात. म्हणजे सात मिनिटांच्या पटात सुमारे दहा हजार चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीला नवे चित्र लागतेच असे नाही. एक चित्र दोन चौकटी वापरले तरी हजारो चित्रे हाताने काढावी आणि रंगवावी लागत. स्थिर पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारी पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर काढून तिच्यावर ठेवायची, ही पद्धत १९१४ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तिच्यामुळे काम आटोक्यात आले, पण हलके झाले नाही.

या जोडगोळीत कामाची वाटणी स्पष्ट होती. प्रसंग सुचवणे आणि ते झरझर चितारणे ही बार्बेरा यांची हातोटी. कोणती हालचाल किती चौकटींत बसवायची, याचे गणित हॅना मांडत. तवा डोक्यावर आदळण्यापूर्वी टॉमचा चेहरा क्षणभर थांबतो. तो थांबा चार चौकटींनी कमी झाला तर धक्का कळत नाही, चार चौकटींनी वाढला तर आश्चर्य संपते. कीर्तनकार किंवा शाहीर टाळी घेण्यापूर्वी जो विराम घेतो, त्याचेच हे चित्ररूप. टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळीही हॅना यांच्याच गळ्यातून निघालेली आहे.

ही दोन मुख्य पात्रे क्वचितच बोलतात. त्यांच्या वतीने संगीत बोलते. संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी पावलापावलाला, भुवईच्या हालचालीला स्वर दिला. ‘द कॅट कॉन्सर्टो’ या ऑस्करविजेत्या पटात टॉम लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी पियानोवर वाजवतो आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी जागा होऊन त्याची मैफल उधळू पाहतो. त्या पटात टॉमची बोटे आणि पियानोच्या पट्ट्या यांचा मेळ इतका चोख आहे की, पाश्चात्त्य संगीताचा गंध नसलेले मूलही ते सुरांसह समजून घेते. शब्द नसल्यामुळे भाषेचा अडसर राहिला नाही. मराठवाड्यातील, खानदेशातील, विदर्भातील मुले वसतिगृहात एकत्र येतात तेव्हा प्रत्येकाची बोली निराळी असते. या चित्रांपुढे ती सगळी एकाच वेळी हसतात.

४. आपण नेमके कशाला हसतो?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. विकृत वेष, विसंगत वाणी आणि विपरीत वर्तन यांतून हास्यरस निर्माण होतो, असे तेथे म्हटले आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर एक ग्रंथ लिहिला. माणूस जिवंतपणाची लवचीकता सोडून यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येते, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे. हसताना काळीज काही क्षण बधिर झालेले असते, हेही त्यांनी नोंदवले आहे.

या कसोटीला उत्तम उदाहरण टॉमचेच आहे. ‘माऊस ट्रबल’ या १९४४ च्या पटात उंदीर पकडण्याची युक्ती सांगणारे एक पुस्तक टॉमच्या हाती लागते. तो पान उलटतो, सूचना वाचतो, तसे वागतो आणि आपटतो. कोंडीत सापडलेला उंदीर कधी प्रतिकार करीत नाही, असे पुस्तक सांगते; टॉम जेरीला कोंडीत गाठतो आणि स्वतः बदडला जातो. समोरचा उंदीर जिवंत आहे, विचार करणारा आहे, हे त्या पुस्तकात नसते. पाठ्यपुस्तक तोंडपाठ असूनही समोरचे मूल न वाचणाऱ्या शिक्षकांनी हा पट अवश्य पाहावा.

दुसरे उदाहरण वॉर्नर ब्रदर्सच्या कायोटीचे. चक जोन्स यांचा ‘फास्ट अँड फरी-अस’ हा पट १९४९ साली आला. त्यात कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला एक हडकुळा कायोटी, रोडरनर नावाच्या पक्ष्यामागे वाळवंटात धावतो. रोडरनर हा खराखुरा पक्षी आहे. आपल्याकडील भारद्वाज ज्या कोकिळकुळात मोडतो, त्याच कुळातला. पटातला पक्षी कायोटीला सहसा काहीच करीत नाही. तो आपल्या वाटेने धावत असतो. कायोटीला खाली पाडते ती त्याचीच यंत्रे, त्याचीच घाई आणि शेवटी गुरुत्वाकर्षण. कड्यापुढे धावत गेलेला कायोटी खाली पाहीपर्यंत पडत नाही. पाहतो आणि मग पडतो. जोन्स यांनी या मालिकेसाठी काही नियम ठरवले होते. त्यांतील एक आम्हांला विशेष मोलाचा वाटतो: कायोटी हा पाठलाग हवा तेव्हा थांबवू शकतो, तो थांबत नाही तो केवळ आपल्या हट्टामुळे. भूक कधीच मागे पडलेली असते, उरते ती फक्त पाठलागाची ओढ. तृष्णेतून दुःख कसे उपजते याची एवढी बोलकी आकृती शिक्षकाला सहसा मिळत नाही. वाळवंटात एवढी महागडी यंत्रे मागवणारा जेवणच का मागवत नाही, असे मुलांना विचारून पाहावे. उत्तर शोधताना ती आपोआप तण्हेच्या व्याख्येपाशी येतात.

म्हणजे या पटांतील उत्तम भागात आपण कोणाच्या वेदनेला हसत नाही. आंधळ्या हट्टाला, ताठ्याला आणि बळाच्या घमेंडीला हसतो. ज्याच्या हाती ताकद आहे तोच आपल्या ताकदीने पडतो. हास्याची ही दिशा आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी गावोगावच्या लोकांना हसवले, तेही अन्याय करणाऱ्यांच्या ढोंगावर.

५. दगडातले आणि कथांतले प्राणी

प्राण्यांच्या करवी माणसाला हसवण्याची रीत आपल्या भूमीत फार जुनी आहे. भारहूतच्या स्तूपाचे शिल्पावशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली उजेडात आणले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या या शिल्पांत एक दृश्य असे आहे: एका धिप्पाड व्यक्तीचा दात उपटण्यासाठी माकडांनी भलामोठा चिमटा लावला आहे, चिमट्याला दोर बांधून तो हत्तीकरवी ओढला जात आहे आणि सोबत माकडांचा वाद्यमेळही चालू आहे. हे शिल्प पाहताना हसू आवरत नाही. कार्टूनपटातली एखादी चौकट दगडात गोठली असावी, असेच ते आहे. उपासकांच्या दानातून उभ्या राहिलेल्या स्तूपावर अशा विनोदाला जागा मिळाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धम्माने हास्याला दाराबाहेर उभे केले नव्हते.

जातककथांतही हे दिसते. बिलार जातकात बोधिसत्त्व उंदरांचा राजा आहे. एक कोल्हा एका पायावर उभा राहून, सूर्याकडे तोंड करून, वारा पिऊन जगणाऱ्या तपस्व्याचे सोंग घेतो आणि वंदन करून परतणाऱ्या उंदरांतला शेवटचा रोज गट्ट करतो. उंदीर कमी होत चालल्याचे ध्यानात येताच उंदरांचा राजा स्वतः रांगेच्या शेवटी राहून ते ढोंग उघडे पाडतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटावरही तपाला उभे असलेले मांजर आणि त्याच्यापुढे उंदीर कोरलेले आहेत. दुद्दुभ जातकात बेलफळ ताडाच्या पानावर पडल्याच्या आवाजाने सशाला पृथ्वी फुटल्याचा भास होतो. तो पळतो, त्याच्यामागे सगळे रान पळते. अखेर सिंहरूपी बोधिसत्त्व प्रत्येकाला विचारत जातो, की तू स्वतः काय पाहिलेस? पाठलागाचे हास्य तेथे चिकित्सेपाशी येऊन थांबते.

या कथा आणि हॉलीवूडचे पट यांत थेट नाते आहे, असा आमचा दावा नाही. लहानाने मोठ्याचे ढोंग उघडे पाडावे, ही गोष्ट माणसाला सर्वत्र आणि सर्वकाळ हवीशी वाटते, एवढेच यातून दिसते.

६. तालपुटाचा प्रश्न

तरीही हास्याची बाजू घेताना धम्मग्रंथांतील एक कठोर प्रसंग टाळून चालणार नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटग्रामणीची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो भगवान बुद्धांकडे येतो आणि विचारतो, की रंगमंचावर लोकांना हसवणारा नट मरणानंतर हसणाऱ्या देवांमध्ये जन्म घेतो असे आम्ही आमच्या जुन्या गुरूंकडून ऐकले आहे, आपले मत काय? बुद्ध त्याला दोनदा थांबवतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र स्पष्ट सांगतात, की ही समजूत चुकीची आहे आणि त्याचा परिणाम अनिष्ट आहे. कारण, प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, आणि नट त्यांच्यापुढे तेच वाढवणाऱ्या गोष्टी मांडतो. तालपुट रडतो. बुद्धांच्या बोलण्याचे त्याला वाईट वाटत नाही. इतकी वर्षे आपली फसवणूक झाली याचे वाटते. पुढे तो भिक्खू होतो, अर्हत होतो. थेरगाथेत त्याच्या नावाने गाथा आहेत.

या सुत्तावरून हसणेच वर्ज्य ठरवावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. बुद्धांनी येथे कसोटी दिली आहे: जे पाहिले त्याने पाहणाऱ्याचा लोभ, द्वेष आणि मोह वाढला की कमी झाला? ही कसोटी प्रत्येक पटाला लावून पाहणे, हा खरा अभ्यास होय.

हिंसेच्या बाबतीत पालकांची काळजी अनाठायी नाही. १९६३ साली अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड येथील बालवाडीच्या मुलांवर केलेले एक संशोधन प्रसिद्ध झाले. मुलांच्या एका गटाला काळ्या मांजराच्या वेषातील पात्र फुगवलेल्या बाहुलीला बदडताना पडद्यावर दाखवले गेले. असे काहीही न पाहिलेल्या मुलांपेक्षा ही मुले पुढे खेळताना अधिक आक्रमक वागली. बाहुलीला मारणे म्हणजे सोबत्याला मारणे नव्हे, आणि प्रयोगशाळेतील काही मिनिटे म्हणजे आयुष्य नव्हे. ही मर्यादा मान्य करूनही, लहान मूल पाहिलेले उचलते हे यातून दिसलेच. पाच वर्षांच्या मुलाला तवा खरा लागतो हे सांगावे लागते. बारा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असते. वयाचा हा फरक मोठ्यांनी ओळखला पाहिजे.

पण त्याच मालिकेत द्वेष शमवणारे पटही आहेत. डिसेंबर १९४१ मध्ये आलेल्या ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ या पटात टॉम जेरीला बाहेर बर्फात कोंडतो आणि निश्चिंत होऊन बसतो. थोड्या वेळाने बाहेरच्या गारठ्याचा विचार त्याला अस्वस्थ करू लागतो. तो दार उघडतो, गोठलेल्या जेरीला आत आणून शेकोटीशी ऊब देतो. जेरीही मग टॉमच्या दुधात आपणच लपवलेला सापळा त्याला दाखवून देतो. कोणी उपदेश करीत नाही. शत्रूला थंडी वाजत असेल, एवढ्या जाणिवेने वैर ओसरते. मैत्रीभावनेचा पाठ यापेक्षा सोप्या रीतीने देता येईल असे आम्हांला वाटत नाही.

१९४९ चा ‘हेवनली पुस’ त्याहून खोल आहे. टॉमला स्वप्न पडते की आपण मेलो आहोत. स्वर्गाच्या गाडीपाशी त्याला अडवले जाते. आयुष्यभर ज्या उंदराला छळले, त्याची क्षमापत्रावर सही आण, आणि तीही तासाभरात, असे त्याला सांगण्यात येते. टॉम लालूच दाखवतो, खोटी सही करून पाहतो, धमकावतो; काहीच उपयोगी पडत नाही. या कल्पनेतले मर्म असे, की क्षमा करण्याचा अधिकार द्वारपालाकडे नाही, पूजाविधीकडे नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडेच आहे. आपल्या समाजाच्या इतिहासाची जाण असलेल्या वाचकाला या सात मिनिटांत बरेच काही दिसेल. याच पटात स्वर्गाच्या रांगेत भिजलेल्या पोत्यातून तीन पिल्ले बाहेर पडतात. कोणीतरी ती पाण्यात बुडवून मारलेली आहेत. तेथे हसू थांबते. खोटा मार कोठे संपतो आणि खरी हिंसा कोठे सुरू होते, याची रेषा कर्त्यांनीच आखून दाखवली आहे.

७. जिला चेहरा दिला नाही ती स्त्री

आता या पटांची काळी बाजू. टॉमला घराबाहेर काढण्याची तंबी देणारी पहिल्या पटातील स्त्री कृष्णवर्णीय आहे. १९५२ पर्यंत ती अनेक पटांत येते. तिचे पाय दिसतात, ॲप्रन दिसतो, झाडू दिसतो, आवाज ऐकू येतो. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. तिला आवाज देणाऱ्या लिलियन रँडॉल्फ या गुणी अभिनेत्री होत्या. परंतु जाडजूड, अडाणी भाषेत ओरडणारी, झाडूसह जन्मलेली जणू, अशी कृष्णवर्णीय मोलकरणीची ती ठोकळेबाज प्रतिमा होती. इतर काही प्रसंगांत स्फोटानंतर काळवंडलेला चेहरा दाखवून कृष्णवर्णीयांची टवाळी केलेली आहे. येथे हास्याची दिशा उलटली. एरवी बळाच्या घमेंडीवर रोखलेली ती काठी येथे समाजाने आधीच दाबून ठेवलेल्यांच्या पाठीवर बसली.

त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. टॉम-जेरीचा पहिला पट १० फेब्रुवारी १९४० रोजी आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हॅटी मॅकडॅनियल यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. भूमिका मोलकरणीचीच होती. समारंभ ज्या हॉटेलात झाला तेथे वर्णभेद पाळला जात असल्याने त्यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आले. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. याच दशकात, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची भारतातील स्थिती आणि निग्रोंची अमेरिकेतील स्थिती यांतील साम्याचा उल्लेख केला होता. द्यु बॉइस ज्या एनएएसीपी संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, त्याच संघटनेने या मोलकरणीच्या प्रतिमेवर आक्षेप घेतला.

पुढे काय झाले तेही बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही पटांतून ती स्त्री पुसून टाकण्यात आली. तिच्या जागी गोरी बाई काढली गेली आणि आवाजही बदलला. अपमान पुसला, पण त्यासोबत ती व्यक्तीच पुसली गेली. अलीकडच्या काळात मूळ पट जसेच्या तसे ठेवून, त्यांतील वंशभेदी चित्रण तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचे आहे, अशी सूचना आरंभी जोडण्याची प्रथा पडली. हे पूर्वग्रह नव्हतेच असे भासवणे योग्य नव्हे, अशी त्यामागील भूमिका आहे. आम्हांला ती पटते. अन्यायाची खूण खरवडून काढल्याने न्याय होत नाही; ती खूण दाखवून तिचे नाव घ्यावे लागते.

८. मुलांसोबत पाहताना

या अभ्यासातून आम्ही जे निष्कर्ष काढतो ते पालकांच्या आणि शिक्षकांच्या रोजच्या उपयोगाचे आहेत. मुलांना या पटांपासून तोडू नये. त्यांच्या शेजारी बसावे. हसू संपल्यावर, मुलांवर दडपण येणार नाही अशा रीतीने, पुढील प्रश्न एखाद-दुसऱ्या वेळी विचारावेत:

(१) आपण आत्ता कोणाला हसलो? तो बलवान होता की दुबळा?
(२) तो पडला तो स्वतःच्या हट्टाने, की दुसऱ्याच्या क्रूरतेने?
(३) हेच आपल्या वर्गात खरोखर घडले असते, तर आपण हसलो असतो काय?
(४) या गोष्टीत असा कोणी आहे काय, ज्याचा चेहरा आपल्याला दाखवलेलाच नाही?

यांतील तिसरा प्रश्न वसतिगृहासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. नव्याने आलेल्या मुलाच्या बोलीला, त्याच्या कपड्यांना, घरच्या आठवणीने आलेल्या त्याच्या रडण्याला इतर मुले हसतात, तेव्हा ती आदळआपटीचीच नक्कल करीत असतात. फक्त मार खरा असतो. टॉम पुढच्या दृश्यात धडधाकट उभा राहतो. टिंगलीने दुखावलेले मूल तसे उभे राहत नाही. कधी ते शाळाच सोडून जाते. जातीवरून, रंगावरून, गरिबीवरून झालेल्या थट्टेचे घाव ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसले, त्याच्या शाळेत तरी कोणत्याही मुलाच्या वाट्याला असे हसू येता कामा नये.

चौथ्या प्रश्नासाठी कार्टूनपर्यंत जाण्याचीही गरज पडत नाही. स्वयंपाकघरात पहाटे चूल पेटवणाऱ्या मावशी, रात्री फाटकापाशी बसणारे काका यांची नावे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, याची चौकशी प्रत्येक वर्गशिक्षकाने करून पाहावी. चेहरा देणे हा सन्मानाचा पहिला व्यवहार होय.

हास्य हे मुलांचे हक्काचे धन आहे. ते हिरावून घेऊन शील रुजत नाही. ढोंगाला, हट्टाला आणि बळाच्या गर्वाला हसणारे आणि दुबळ्याला हसताना थबकणारे मन घडवणे एवढेच आपल्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी, की सुटीच्या दिवशी आपल्या मुलांसोबत त्या मांजर-उंदराचा एखादा पट पुन्हा पाहावा, मनमुराद हसावे आणि मग वरच्या चारांपैकी एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा.